ब्रुनोची अंघोळ आणि दुधाचा रकाना

कुत्र्याला किती दिवसांनी अंघोळ घालावी, हे आमच्या पशुवैद्य डॉक्टरांनी मला बसल्या जागी सांगितले होते. ते अमलात आणण्याआधी मात्र प्रयोगशाळेच्या नमुने स्वीकारण्याच्या एका खिडकीने आमचा पावसाळ्याचा मोठा भाग खाल्ला आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नसल्यामुळेच हे लिहीत आहे.

ब्रुनो आमचा लॅब्राडॉर. जुलै महिन्यात कोल्हापुरात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याचे अंग कुठून वाळणार? त्याच्या काखा आणि जांघा लाल झाल्या, अंगाला तेलकट, कुबट वास येऊ लागला आणि पाठीवर एके ठिकाणी केस गळून गोल चट्टा पडला. सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाईंचे म्हणणे रोज साबण लावून अंघोळ घालावी असे होते, तर शेजारच्या काकांना पंचगंगेतली एक डुबकी पुरेशी वाटत होती. (पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आलेले असू शकतात आणि तो आजार कुत्र्यालाही होतो, माणसालाही, त्यामुळे डुबकीचा विचार आम्ही केलाच नाही.)

डॉक्टरांनी काखेत चिकटपट्टी दाबली, ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट वाढल्याचे सांगितले. ते निरोगी कातडीवरही थोडेफार असते, पण ओल आणि तेलकटपणा मिळाला की माजते. चट्ट्याच्या कडेची कातडी थोडे रक्त दिसेपर्यंत खरवडून त्यांनी डेमोडेक्स या केसांच्या मुळाशी राहणाऱ्या सूक्ष्म किड्याचीही शंका दूर केली. उरले गजकर्ण. ते कुत्र्याकडून माणसाला लागते आणि घरात लहान मूल आहे, म्हणून त्यांनी चट्ट्याच्या कडेचे केस चिमट्याने उपटून कागदी पाकिटात घातले आणि बुरशीच्या तपासणीसाठी माझ्या हाती दिले. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून कागदच हवा. नमुना स्वीकारला जाईपर्यंत औषधी शॅम्पू लावायचा नाही, असेही त्यांनी बजावले. कारण पाकीट परत आले किंवा गहाळ झाले तर पुन्हा केस घ्यावे लागतील, आणि बुरशीनाशक लागलेल्या केसांतून बुरशी असूनही वाढेलच असे नाही.

म्हणजे सगळे त्या खिडकीवर येऊन ठेपले. तिथला अर्ज गाई-म्हशींसाठी बनवलेला होता. आपला जिल्हा दुधाचा, त्यामुळे त्यात नवल नाही. पण ब्रुनोच्या नावापुढे 'कितवे वेत' आणि 'रोजचे दूध (लिटर)' हे रकाने भरल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही, असे मला गंभीर चेहऱ्याने सांगण्यात आले. ते रिकामे ठेवून दिले, तर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक मागण्यात आला. गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला असतो, तो. कुत्र्याला तो नसतो, हे मी सांगितले. "बिल्ल्याशिवाय जनावर पुढं सरकत न्हाई ओ, संगणकच घेत न्हाई," असे उत्तर मिळाले. मग बिल्ला कुठून आणू, असे विचारल्यावर, "मारून घ्या की मग," हा सल्ला त्याच आवाजात आला.

डॉक्टरांचे पत्र नेले, तर त्यावर साहेबांची सही हवी होती आणि साहेब दौऱ्यावर होते. साहेब परत आले तेव्हा खिडकीवरचे गृहस्थ रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी बसलेल्या माणसाला हा प्रकार पहिल्यापासून सांगावा लागला. या सगळ्या काळात ब्रुनो रात्ररात्र पाय चाटत जागा राहायचा आणि त्याच्याबरोबर घरही. औषधी शॅम्पूची बाटली न्हाणीघरात तशीच उभी होती. ती पाहिली की माझे डोके फिरायचे. सुटका केली ती तिथल्या एका वयस्क शिपायाने. तो शांतपणे म्हणाला, "ताई, त्यांनी जनावराच्या जागी गाय निवडलीया. 'इतर' निवडा म्हणावं, बिल्ला मागत न्हाई, आणि दुधापुढं शून्य घाला." खरोखरच 'इतर' निवडताच अर्ज गेला. यादीत गाय पहिली होती, म्हणून रोज तीच निवडली जात होती, एवढेच त्यामागचे शास्त्र! कुणाला अशा खिडकीवर जायची वेळ आलीच, तर प्राण्याच्या प्रकाराचा रकाना आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्यावा आणि शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय हलू नये.

अहवालाला पुढे जवळजवळ तीन आठवडे लागले, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. ही बुरशी मुळातच हळू वाढते आणि 'नाही' म्हणायला तेवढा अवधी लागतोच. गजकर्ण निघाले नाही. अंघोळ मात्र पोहोच हातात पडली त्याच संध्याकाळी सुरू केली.

क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला शॅम्पू आठवड्यातून दोनदा, आणि फेस झाल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटे अंगावर ठेवायचा, असा डॉक्टरांचा नियम होता. लगेच धुऊन टाकला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. फेसाची सुरुवात काखा-जांघांपासून करावी, म्हणजे जिथे गरज अधिक तिथे औषध जास्त वेळ राहते. पाणी कोमट असावे. गरम पाण्याने खाज वाढते. अंघोळीपेक्षाही वाळवणे महत्त्वाचे, हे मला आता ठामपणे वाटते, कारण बाहेरचे केस कोरडे दिसले तरी आतली लव ओली राहते आणि यीस्टला हवे असते तेच. आम्ही दोन टॉवेल आणि कमी उष्णतेवरचा ड्रायर वापरतो. कानाची पाळीही आतून पुसून घ्यावी, पण कापसाची काडी आत घालू नये.

निरोगी कुत्र्याला एवढ्या अंघोळी नकोतच. आता ब्रुनोला महिन्या-दीड महिन्याने साधा, कुत्र्यांसाठीचा शॅम्पू लावतो, आणि पावसात फिरून आल्यावर फक्त पाय व पोट पुसून कोरडे करतो. आखूड केसांच्या कारवानी किंवा गावठी कुत्र्याला त्याहूनही कमी पुरते. सासूबाईंचा साबण बंद झाला आहे, कारण माणसाची कातडी बरीच आम्लधर्मी असते, कुत्र्याची उदासीनाच्या जवळ आणि आपल्यापेक्षा पातळ. वारंवार साबण लावला की तेल निघून जाते आणि कोंडा व खाज दोन्ही वाढतात. न्हाणीघरातले जंतुनाशक पाण्यात टाकण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण कुत्रा अंग चाटतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. गोचिडांसाठी मानेवर थेंब टाकायचे औषध वापरत असाल, तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दोन दिवस अंघोळ टाळावी, कारण यातली बरीचशी औषधे कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतात. पावसाळ्यात गोचीड वाढत असल्यामुळे आम्ही आता आधी थेंबांची तारीख ठरवतो आणि अंघोळ तिच्या सोयीने ठेवतो.