साखर निम्मी करा म्हणे!

‘साखर आवडीनुसार कमी करा’ असं एखाद्या पाककृतीखाली दिसलं की अजूनही माझं डोकं फिरतं. लिहिणाऱ्याने तो केक कमी साखरेत एकदा तरी करून पाहिला असेल का? मी पाहिलाय. चार रविवार.

सुरुवात हिशेबाने झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की मुक्त साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. मुक्त म्हणजे वरून घातलेली, शिवाय मध, सिरप आणि फळांच्या रसातलीही. अख्ख्या फळातली आणि दुधातली धरायची नाही. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याला हे ५० ग्रॅम पडतं, आणि ५ टक्के धरले तर २५. आम्ही घरात चौघं. २५ ग्रॅमने महिन्याला तीन किलो होते. आमच्याकडे पाच किलो संपत होती, आणि बिस्किटं, सॉस, रसाचे डबे त्यात धरलेलेच नव्हते. मुलांच्या कॅलरी कमी, म्हणजे त्यांचा वाटा आणखी लहान हवा. तो तर सगळ्यात मोठा निघाला.

चहाला काहीच त्रास झाला नाही. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेले, नवऱ्याला पत्ताही लागला नाही. रसाचे डबे बंद केले, दोन दिवस कुरकुर झाली, संपलं. पाकिटाची मागची बाजू वाचायलाही पटकन जमलं.

अडलं ते केकपाशी.

आमचा केक समान वजनाचा. मैदा, लोणी, साखर, अंडी, सगळं प्रत्येकी २०० ग्रॅम. बेकिंग पावडर आणि व्हॅनिला. वर्षानुवर्षं डोळे मिटून होणारा. पहिल्या रविवारी मी साखर १०० ग्रॅम घेतली. बाकी सगळं तेच, ओव्हन तोच, भांडं तेच. बाहेर आला तो पांढुरका, बसका आणि वरून तडकलेला. मुलीने एक घास खाल्ला आणि अगदी मनापासून विचारलं, “आई, हा पाव आहे का?” दुसऱ्या दिवशी सुरीने कापताना चुरा पडत होता.

दुसऱ्या रविवारी साखरेऐवजी गोडव्याची पावडर. पाकिटावर ‘साखरेसारखाच गोड’ असं ठळक अक्षरांत. घोळ मी चाटून पाहिला, खरंच गोड होता. ओव्हनमधून निघालेला केक मात्र सपाट तर होताच, वर अगोड! पाकिट पुन्हा उलटलं, बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, ॲस्पार्टेम. ते तापवलं की त्याचा गोडवा जातो. हे पाकिटाच्या पुढच्या बाजूला, त्याच ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत होती? पावडर घेतली होती ती वजन आटोक्यात राहावं म्हणून. नंतर कळलं, की २०२३ मध्ये त्याच जागतिक आरोग्य संघटनेने वजनासाठी असे गोडवे वापरू नका म्हणून सांगितलंय. पाकिट देऊन टाकलं.

तिसऱ्या रविवारी मध. का, तर तो ‘नैसर्गिक’. वरून भराभर काळपट झाला, आत ओलसर आणि दडस. आणि खरी शरम पुढेच. मध मुक्त साखरेतच धरतात हे मी स्वतःच वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं! म्हणजे एवढा खटाटोप करून साखरेला साखरच घातली होती.

मग जरा बसून वाचलं, की साखर केकमध्ये नेमकं करते काय. मला वाटत होतं, ती फक्त गोड करते. लोणी आणि साखर फेसताना साखरेचे धारदार कण लोण्यात हवा कोंबतात. त्याच बुडबुड्यांत पुढे बेकिंग पावडरचा वायू भरतो आणि केक फुगतो. म्हणून गोडव्याची पावडर किंवा मध घातल्यावर फेसायला काही उरतच नाही. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. मैद्याचं ग्लुटेन, म्हणजे त्यातलं ताणलं जाणारं प्रथिन, ती चिवट होऊ देत नाही. अंडं आणि स्टार्च घट्ट व्हायला तिच्यामुळे जास्त उष्णता लागते, तेवढ्यात केक वर येऊन घेतो. आणि रंगही तिचाच. निम्मी साखर काढणं म्हणजे घराचे निम्मे खांब काढून घेणं, आणि सल्ला देणारे ते चिमूटभर मिठाच्या थाटात सांगतात.

चौथ्या रविवारी १५० ग्रॅम. लोणी-साखर नेहमीपेक्षा जास्त वेळ फेसली, दोन चमचे दही घातलं, व्हॅनिला वाढवला आणि मीठ विसरले नाही. मीठ चिमूटभरच, पण त्याने गोडवा पुढे येतो. केक फुगला, रंग आला. कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात हीच दाद. मला मात्र स्वयंपाकघरात एकटीने नाचावंसं वाटत होतं.

उत्साहात पुढच्या वेळी १२० केली. पुन्हा पाव. तेव्हा १५० वर थांबले. तुम्हीही आधी पाव भागच कमी करा, हे मला पहिल्या रविवारीच कुणीतरी सांगायला हवं होतं.

निम्म्याचा हट्ट मात्र सुटला नव्हता. तो शेवटी सुरीने पुरा केला. आधी मी आठ तुकडे करायची, आता बारा करते. २०० ग्रॅमचे आठ म्हणजे तुकड्याला २५ ग्रॅम, एका मोठ्या माणसाची दिवसभराची साखर! १५० चे बारा म्हणजे साडेबारा. बरोबर निम्मे. पण दुसरा तुकडा घेतलात तर पहिले पाढे पंचावन्न, म्हणून कापून झाल्यावर अर्धा केक टेबलावर येतच नाही, फ्रीजरमध्ये जातो.

यावरून आठवलं, केक फ्रिजमधून काढल्या काढल्या खाऊ नका. गार पदार्थ कमी गोड लागतो आणि उगाच साखर कमी पडल्यासारखी वाटते. आइस्क्रीम म्हणूनच इतकं गोड करतात. त्यातली साखर मीही निम्मी केली होती, दगड झाला, कारण गोठणबिंदू खाली ठेवायलाही साखरच लागते. जॅममध्ये कमी केलीत तर बरणी फ्रिजमध्येच ठेवा आणि थोडाच करा. माझी कट्ट्यावर राहिली, आठवड्यात वर बुरशी.

आणि पाकिटांचं सांगायचं राहिलंच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. साखर चौथी दिसली म्हणून खूश होऊ नका. पुढे ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचा अर्क अशी तिची भावंडं वेगवेगळी बसलेली असतात. एकत्र केली तर कदाचित पहिला नंबर.

पाककृतीच्या वहीत २०० खोडून मी १५० लिहिलंय. खाली मुलीने पेन्सिलीने भर घातलीय, ‘बारा तुकडे. कडेचा माझा.’