गोल्फमध्ये कोण जिंकणार हे सांगायचं म्हणजे...

आज अख्खी दुपार ग्रुपवर एकच वाद, मास्टर्स, म्हणजे अमेरिकेत ऑगस्टाला दरवर्षी होणारी गोल्फची मोठी स्पर्धा, कोण मारणार. जो तो मागच्या आठवड्यात कुणाचे पट, म्हणजे होलजवळून हळूच मारलेले फटके, होलात पडले तेवढंच बघतो, आणि माझं म्हणणं की पुटिंगच्या नादाला लागूच नका राव, ते आज आहे उद्या नाही, बघायचं ते अप्रोच, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) बॉल टाकायला लांबून आयर्न स्टिकने मारलेले शॉट बाकीच्यांपेक्षा किती सरस पडतात ते. अमेरिकन गोल्फर स्कॉटी शेफलर 2022 आणि 2024 ला ऑगस्टाला मास्टर्स जिंकला तो काय उगाच नाही. नवख्यावर तर तिथे पैजच नको, पहिल्याच खेपेला मास्टर्स जिंकलेला शेवटचा माणूस फझी झेलर, 1979 साली!! ग्रीन्स इतकी उतरती की बॉल कुठे टाकायचा नाही हे तिथे खेळूनच कळतं.

मग एकाने गोल्फर बेन कर्टिसचं उदाहरण काढलंच. 2003 ची ब्रिटिश ओपन, जागतिक रँकिंग 396, आणि पठ्ठ्या आयुष्यातली पहिलीच मेजर (वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकून गेला. खरंय, दीडशे जण उतरले की फेव्हरेटसुद्धा बहुतेक वेळा हरतोच, म्हणून मी एक नाव देतच नाही, पाच-सहा देतो. सगळे म्हणे ही चीटिंग आहे. असू दे, यादी टाकलीय, आता बसा भांडत.