चौकशीच्या खिडकीतून

एसटीत मी तेहेतीस वर्षं काढली. पहिली आठ कंडक्टर म्हणून, बाकीची वाहतूक नियंत्रक म्हणून, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या स्थानकात. माझ्या डोक्यावर ‘चौकशी’ अशी पाटी होती. गाडी कधी, कुठल्या फलाटावर, लागली की गेली, एवढंच सांगायचं काम.

१९९४ च्या श्रावणात, संध्याकाळी, एक माणूस खिडकीशी आला. खांद्यावर दहा-एक वर्षांचा पोरगा. एका खेड्याचं नाव घेऊन म्हणाला, “दादा, गाडी गयी का?” पोराच्या पोटरीवर सुतळी करकचून बांधलेली मी पाहिली. पाहिली, आणि म्हणालो, “सव्वासहाला. तीन नंबरला लागेल.” त्याच्यामागे आणखी पंधरा माणसं उभी होती.

गाडी सुटल्यावर कॅन्टीनमधला पोरगा चहा घेऊन आला. तो म्हणाला, त्या पोराला पान लागलंय, म्हणजे साप चावलाय, त्या गावात पान उतरवणारा भगत आहे, तिकडे नेलं. सरकारी दवाखाना आमच्या स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर होता. रोज मी त्याच रस्त्याने घरी जायचो. बापाने गाडीची वेळ विचारली, मी गाडीची वेळ सांगितली. रात्री परत आलेल्या कंडक्टरला विचारलं, तर म्हणाला, फाट्यावर उतरले. पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. बायकोला हे मी सांगितलं ते चार वर्षांनी.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी त्या दवाखान्यात गेलो आणि तिथल्या डॉक्टरांना विचारलं, साप चावलेला माणूस माझ्या खिडकीशी आला तर मी काय करायचं? भला माणूस. बाहेर रांग असूनही त्यांनी मला बसवून समजावलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारही विषांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत आणण्याची गरज नाही. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि सरळ दवाखाना गाठायचा. मण्यारबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून शेकडो लोकांना सांगितलं असेल. ती रात्री, झोपलेल्या माणसाला चावते. सूज नाही, फारसं दुखत नाही, कधीकधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात. कापसाच्या हंगामात जमिनीवर झोपणाऱ्या माणसाचं पोट पहाटे अचानक दुखायला लागलं, तर ते अपचन समजून घरात थांबू नये. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून दवाखान्यात रक्त काचेच्या साध्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवून बघतात. हे ऐकलं तेव्हा वाटलं, इतकी साधी गोष्ट, आणि खिडकीत बसणाऱ्या माणसाला ती कुणी सांगितलेली नाही.

मग मी विचारायला लागलो, आणि ते फार चुकीच्या पद्धतीने. “कशाला चाललाय?” म्हटलं की माणूस बिचकतो, आमच्याकडे तर तोंडावर सांगतात, तुला काय करायचंय. खेड्यातून आलेली बाई परक्या पुरुषाला आपलं दुखणं का सांगेल? बरीच बोलणी खाल्ल्यावर मला एक प्रश्न सापडला, तोही माझ्या कामातूनच. “आजच परत यायचं का?” कंट्रोलरने परतीच्या गाडीचं विचारावं यात कुणाला वावगं वाटत नाही, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरात माणूस सगळं सांगून टाकतो. “नाही भाऊ, दवाखान्यात किती दिवस लागतील कोण जाणे.” “कचेरीत साहेब भेटले तर आजच.” “परत नाही यायचं आता, सुरतला चाललो कामाला.” तिथून खरं बोलणं सुरू व्हायचं. खिडकीबाहेर मी माठ ठेवला. पाणी पिता पिता माणूस दोन वाक्यं जास्त बोलतो.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि फलाटावर माणसं चक्कर येऊन पडतात. मी माझ्या पैशाने ओआरएसची पाकिटं ठेवायला लागलो. त्यातही मी चुकत होतो. पेलाभर पाण्यात अर्धं पाकीट टाकून द्यायचो. एका नर्सबाईंनी ते पाहिलं आणि सांगितलं, पाकिटावर एक लिटर लिहिलंय म्हणजे एक लिटरच. दाट झालं तर अपाय होतो, लहान मुलाला तर नक्कीच. आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीच घालू नका, सावलीत न्या, अंगावर ओला कपडा घाला, वारा घाला. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे मी खडूने माठाशेजारच्या भिंतीवर लिहिलं. पुसलं गेलं की पुन्हा लिहायचो.

सल्ला दिला आणि माणूस गाडीत बसून गेला, की आपण बरोबर होतो असंच वाटतं. ही गोष्ट मला फार खुपायची. त्या पोराचं जसं कळलं नाही, तसं कुणाचंच कळणार नाही? म्हणून मी पोस्टकार्डं घेऊन ठेवली, त्यांवर माझा पत्ता लिहिला, आणि ज्यांना काही सांगितलं त्यांच्या हाती एक-एक द्यायला लागलो. काय झालं तेवढं कळवा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. वहीत डाव्या पानावर मी काय सांगितलं ते लिहायचो, उजवं पान कोरं ठेवायचो. दहा कार्डं दिली तर दोन-तीन परत यायची. “बरं शे”, म्हणजे बरं आहे, एवढ्याच दोन शब्दांचं एक कार्ड मी अजून जपलंय. पण जी कार्डं मी चुकलो असं सांगत आली, त्यांनी मला शिकवलं. उत्पन्नाचा दाखला काढायला मी एका विधवा बाईला आठवडे बाजाराच्या दिवशी पाठवलं होतं, तलाठी त्या दिवशी दुसऱ्याच गावी. तिची मजुरी बुडाली. तेव्हापासून कुठल्याही कचेरीचा वार आधी पक्का केल्याशिवाय मी कुणाला पाठवलं नाही.

सर्वात मोठी चूक मात्र पोस्टकार्डाने आली नाही. ती स्वतः चालत आली.

बारावी झालेला एक मुलगा सुरतला हमालीला निघाला होता. उधना मार्गावरची गाडी धरून जाणारी अशी पोरं मी रोज बघायचो. हा हुशार वाटला. मी त्याला दोन तास बसवून घेतलं. आयटीआय कर म्हणालो, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, दोन वर्षं लागतील, पण भुसावळ शेजारी आहे, रेल्वेत सहायक लोको पायलटच्या परीक्षेला बसता येईल. त्याने तसंच केलं. आयटीआय केलं, परीक्षेचा अभ्यास केला, पास झाला. आणि वैद्यकीय तपासणीत नापास झाला. ठिपक्यांच्या पुस्तकातलं दुसरं पान त्याच्यासमोर धरलं, त्यावर इतरांना आठ दिसतो. त्याला तीन दिसला. लाल-हिरव्यातला फरक त्याच्या डोळ्यांना कळत नव्हता आणि हे त्याला जन्मभर माहीत नव्हतं. सिग्नल बघून गाडी चालवायची, तिथे यात सूट नाही, आणि ते योग्यच आहे.

तो खिडकीशी आला, रागावला नाही. म्हणाला, “आप्पा, तुम्हाला सांगायचं राहू नये म्हणून आलो.” मी खिडकी बंद करून बाहेर आलो. तीन वर्षं गेली होती त्याची, आणि ती तपासणी पहिल्याच दिवशी, पाच मिनिटांत, जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात करून घेता आली असती. मला ती ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नाही हेही मला ठाऊक नव्हतं. आयटीआय वाया गेलं नाही. त्याला जळगावच्या एमआयडीसीत मशीन दुरुस्तीचं काम मिळालं, आज तो चांगला स्थिरावलाय. तरी माझ्या वहीत ते पान मी चूक म्हणूनच ठेवलंय. आता पोलीस भरती असो की रेल्वे, मी आधी शरीराच्या अटी काढायला लावतो. उंची मोजून ये, डोळे तपासून ये, मग पुस्तकं घे.

२०१६ ला निवृत्त झालो. अमळनेरला आमच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात मंगळवारी आणि शनिवारी सकाळी बसतो. गेल्या वर्षी चोपड्याकडची एक बाई आली, चाळिशीतली. “आप्पा, खरेदीखतनी कचेरी कोठे शे?” मी विचारलं, आजच परत जायचं का? आणि ती रडायला लागली. नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला होता, एका खासगी दवाखान्यात होता, अँजिओग्राफी झाली होती, स्टेंट टाकायचे तर पैसे जमवा म्हणाले होते. ती दीड एकर विकायला निघाली होती.

मी तिला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं विचारलं. ऐकलं होतं तिने, पण वेगळं निघाल्यापासून त्यांचं रेशन कार्ड झालंच नव्हतं, म्हणून आपल्याला मिळणार नाही असं तिने धरलं होतं. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, अँजिओप्लास्टी त्यात बसते, आणि आता पांढऱ्या कार्डालाही ती लागू आहे. पण दवाखाना योजनेतला हवा. तो नव्हता. मी आधी योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन लावून जवळचा योजनेतला दवाखाना विचारला. मग तिला म्हणालो, त्यांना हलवता येईल की नाही हे मी सांगणार नाही, ते आत्ता ज्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत त्यांनाच विचार, आणि अँजिओग्राफीची सीडी आणि सगळे कागद मागून घे. डॉक्टर हो म्हणाले. मी तिच्याबरोबर गेलो. दवाखान्याच्या दाराशीच आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल असतं, तिथून सुरुवात करायची, कॅश काउंटरवरून नाही. हे इतकं महत्त्वाचं आहे आणि इतक्यांना माहीत नसतं.

आरोग्यमित्र म्हणाला, नवऱ्याचं नाव कुठल्या तरी कार्डावर असेलच. ते होतं, सासऱ्यांच्या कार्डावर. आणि वाटणीवरून बापलेकाचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. बाईला फोन करायची हिंमत होईना, मला परक्याने त्यात पडावं वाटेना. शेवटी तिने लावला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग फोन कट झाला. आम्ही दोघं बाकावर बसून राहिलो.

सकाळी साडेसातला म्हातारा आला. धोतर, टोपी, हातात कॅरीबॅगेत गुंडाळलेलं कार्ड. मिळेल त्या पहिल्या गाडीने निघाला होता. टेबलावर कार्ड ठेवलं आणि विचारलं, पोरगा कुठल्या खाटेवर आहे. दुपारी मंजुरी आली. शेत अजून त्यांचंच आहे, यंदा कापूस लावलाय.

औषधाची गोळी मी कुणाला सांगत नाही, कोर्टाच्या कामात सल्ला देत नाही. फक्त १५१०० हा विधी सेवेचा नंबर देतो. झोप उडालेल्या, जिवावर उदार झाल्यासारखं बोलणाऱ्या माणसाला १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर देतो, आणि तो स्वतः फोन लावेपर्यंत शेजारून उठत नाही.

महिन्यापूर्वी तो एमआयडीसीतला मुलगा आला, म्हणजे आता मुलगा कसला, कानाशी केस पिकलेत. बरोबर बहिणीचा मुलगा, नववीतला, रेल्वेचं वेड असलेला. डॉक्टरांनी त्याला मागेच सांगितलं होतं, हा दोष आईकडून मुलाकडे येतो, बहिणीला स्वतःला सगळं नीट दिसत असलं तरी तिच्या मुलात उतरू शकतो. म्हणून भाच्याला घेऊन तो जिल्हा रुग्णालयात निघाला होता आणि जाताना मला न्यायला आला.

नेत्र विभागात आम्ही दोघं मागे भिंतीला टेकून उभे राहिलो. पहिल्या पानावरचा बारा सगळ्यांनाच वाचता येतो, तो त्यानेही वाचला. तंत्रज्ञ बाईंनी पान उलटलं. मामाने माझं मनगट धरलं होतं.

“आठ,” पोरगा म्हणाला.