लट्झ बिघडतो कुठे?

लट्झ हा स्केटिंगमधल्या उडीचा एक प्रकार. डाव्या पायावर मागे सरकत यायचं, अंग बाहेरच्या बाजूला कललेलं, उजवा पाय मागे ताणून टो-स्टॉप (स्केटच्या पुढच्या टोकाचा रबरी ठोकळा) टेकवायचा आणि उडायचं. टो-स्टॉप टेकायच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी डावा घोटा आत पडतो. उडी होते, दोन गिरक्याही पुऱ्या होतात, लँडिंगही बरं असतं. कडेच्या खुर्च्यांवरून टाळ्या पडतात. पण झाला तो लट्झ नव्हेच. सुरुवात लट्झची आणि उडी फ्लिपची, म्हणजे त्याच्यासारख्याच पण सोप्या दुसऱ्या उडीची. या भेसळीला जगभर ‘फ्लट्झ’ म्हणतात.

पुण्यात आर्टिस्टिक स्केटिंग म्हणजे मुख्यतः चार चाकांचं क्वाड, सोसायटीच्या क्लबहाउसमागच्या किंवा शाळेच्या रिंकवर, सकाळच्या बॅचला. फ्लट्झ इथे वर्षानुवर्षं लपून राहतो, त्याला एक साधं कारण आहे. बर्फावर पात्याची रेघ उरते. उडीनंतर मागे जाऊन वाकून बघितलं की टेकण्याआधी रेघ कुठल्या बाजूला वळली ते दिसतं, कोणाला वाद घालता येत नाही. आपल्या काँक्रीटवर किंवा कोटा फरशीवर काहीच उरत नाही. वेगात जाणारी उडी पंचांनी नुसत्या डोळ्यांनी बघायची. मग ‘पुढे सुधारेल’ म्हणत पोरगी दहाची तेरा वर्षांची होते आणि घोट्याला तीच सवय लागते.

लट्झ अवघड का, तर तो उलटा आहे. डाव्या पायाच्या मागच्या आउटसाइड एजवर (म्हणजे बाहेरच्या कडेवर कलून मागे जाताना) शरीर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळत असतं, आणि उडी मारायची बरोबर विरुद्ध दिशेला. (हे घड्याळाच्या उलट फिरणाऱ्यांसाठी. तुमचं मूल दुसऱ्या बाजूने फिरत असेल तर डावं-उजवं बदलून वाचा.) फ्लिप त्याच पायावरून, त्याच टो-स्टॉपने होते, फक्त इनसाइड एजवरून, म्हणजे वळण आणि गिरकी एकाच बाजूची. शरीराला आयतं मिळतं ते आवडतं. जरा घाई झाली, उजवा खांदा लवकर पुढे आला, की वजन आत घसरलंच.

यात किती गुण जातात, ते बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या तक्त्यात पाहा. ट्रिपल (तीन गिरक्यांच्या) लट्झचे मूळ गुण ५.९०, ट्रिपल फ्लिपचे ५.३०. चुकीच्या एजचा ‘e’ हा शेरा लागला की लट्झचे ८० टक्केच धरतात, म्हणजे ४.७२. स्वच्छ फ्लिपपेक्षा कमी! शिवाय दर्जाचे गुण कापले जातात ते वेगळेच. बरं, लट्झ सोडून फ्लिपच पुन्हा पुन्हा मारावी म्हटलं तर तेही जमत नाही. १९८२ च्या वर्ल्ड्समध्ये (विश्वस्पर्धेत) अमेरिकेच्या इलेन झायाकने सहा ट्रिपल मारल्या, त्यातल्या चार एकाच प्रकारच्या, टो-लूप होत्या, आणि ती जिंकली. त्यानंतर एकच ट्रिपल परत परत मारण्यावर बंधन आलं. त्यामुळे ज्या मुलीचा लट्झ कच्चा, तिच्या कार्यक्रमात कायमचं भोक राहतं.

हे भोक किती महाग पडतं ते माओ असादाच्या कारकिर्दीत दिसतं. जपानची असादा आणि कोरियाची किम युना, दोघी सप्टेंबर १९९० च्या, वीस दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या. ज्युनियरपासून एकमेकींसमोर. असादाचं वय २००६ च्या ऑलिंपिकला ८७ दिवसांनी कमी पडलं, नाहीतर पंधराव्या वर्षीच ती पदकाची दावेदार होती. बायकांमध्ये फार थोड्यांना जमणारा साडेतीन गिरक्यांचा ट्रिपल अ‍ॅक्सल तिच्याकडे होता. पण लट्झ आतल्या एजवरून जायचा, आणि २००७-०८ च्या हंगामात एज काटेकोर तपासायला लागल्यावर तो गुणपत्रिकेत सरळ दिसू लागला. किमचा लट्झ मात्र खोल बाहेरच्या एजवरून, भरधाव, आणि त्याला लागून ट्रिपल टो-लूप.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला असादाने दोन्ही कार्यक्रम (छोटा शॉर्ट आणि मोठा फ्री) मिळून तीन ट्रिपल अ‍ॅक्सल मारले. ऑलिंपिकमध्ये हे कोणत्याही बाईने आधी केलं नव्हतं. तरी किमचे २२८.५६ आणि असादाचे २०५.५०. बातम्यांमध्ये ‘दडपण’, ‘मनोबल’ वगैरे बरंच आलं. मला विचाराल तर शॉर्ट प्रोग्रॅमचं पहिलं कॉम्बिनेशन (लागोपाठ मारलेल्या दोन उड्या) बघा. त्या वेळच्या तक्त्यात ट्रिपल अ‍ॅक्सल ८.२ आणि डबल टो-लूप १.३ मिळून ९.५. किमचा ट्रिपल लट्झ ६.० आणि ट्रिपल टो-लूप ४.० मिळून १०.०. बायकांमध्ये फार थोड्यांना जमणारी उडी मारूनही असादा कागदावर अर्धा गुण मागे होती. तिच्या त्या फ्री प्रोग्रॅममध्ये लट्झ नव्हताच.

त्यानंतर तिने जे केलं त्याला खरं धाडस म्हणतात. ऑलिंपिक रौप्य आणि दोन विश्वविजेतेपदं खिशात असताना ती नोबुओ सातो या ज्येष्ठ कोचकडे गेली आणि सगळ्या उड्या मुळापासून पुन्हा शिकायला लागली. निकाल भयंकर लागले. २०१० च्या एनएचके ट्रॉफी या स्पर्धेत आठवी, पॅरिसच्या स्पर्धेत पाचवी, पुढच्या वर्ल्ड्सला सहावी. २०१४ ला सोची ऑलिंपिकमध्ये शॉर्ट प्रोग्रॅम कोसळून सोळावी, दुसऱ्या दिवशी १४२.७१ चा फ्री आणि शेवटी सहावी. पुढच्याच महिन्यात तिसऱ्यांदा विश्वविजेती. पण लट्झवरचा ‘e’ तिच्या कागदावरून कायमचा काही गेला नाही. विशीत मोडलेली सवय दहाव्या वर्षी घातलेल्या सवयीइतकी पक्की होत नाही.

व्हँकुव्हरच्या वेळी किमचे कोच होते ब्रायन ऑर्सर. ते स्वतः १९८८ ला कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये ब्रायन बॉयटानोकडून नऊ पंचांमध्ये ५-४ असे हरले होते, आणि बॉयटानोची ओळख होती एक हात डोक्यावर धरून मारलेला ट्रिपल लट्झ. बॉयटानो लहानपणापासून शेवटपर्यंत एकाच कोचकडे, लिंडा लीव्हरकडे राहिला. आपल्याकडे एका डिस्ट्रिक्टला पदक हुकलं की कोथरूडचं पोर पुढच्या महिन्यात सिंहगड रोडच्या सरांकडे जातं. नवे सर पहिल्या आठवड्यात घोटा बघत नाहीत, डबल (दोन गिरक्यांची उडी) बघतात, कारण पालकांना तेच दाखवायचं असतं. दोष दोघांचाही आहे, पण जास्त पालकांचा. शेजारच्या बॅचमधल्या मुलीचा डबल लट्झ आला, आमचा कधी, हा प्रश्न रोज विचारला की उत्तर म्हणून फ्लट्झच मिळतो.

आता बघायचं कसं. फोन स्लो-मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेम. मूल ज्या टोकाकडे मागे सरकत येतं तिथे फोन जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवा, उभ्याने शूट करू नका. क्वाडची चारही चाकं जमिनीला टेकलेलीच राहतात, कलते ती वरची प्लेट आणि बूट. टो-स्टॉप टेकायच्या आधीच्या शंभरएक फ्रेम पुढे-मागे करा. बूट डाव्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला कललेला राहिला तर लट्झ. सरळ होऊन आत गेला तर फ्लिप. एका उडीवरून ठरवू नका, दहा घ्या. दमल्यावरच्या शेवटच्या तीन खऱ्या बोलतात.

चूक दिसली की पोराला ओरडण्याआधी स्केट उलटं करून बघा. ट्रकमधले (प्लेटखाली चाकांचा आस धरणाऱ्या भागातले) रबर कडक आणि नट घट्ट आवळलेला असेल तर पंचवीस-तीस किलोच्या मुलाच्या वजनाने ट्रक कलतच नाही. बाहेरची एज धरायची कशी? नट पाव फेरा सैल करा, पुढचा-मागचा सारखाच, मग दहा मिनिटं चालवून बघा. तरी कलत नसेल तर मऊ रबर घाला. नट इतकाही सैल नको की रबर बोटाने गरगरेल. मग स्केट थरथरतं आणि मूल घाबरून सपाट चालवतं. टो-स्टॉप झिजून आखूड झाला असेल तर पाय जास्त मागे ताणावा लागतो, कंबर उघडते आणि वजन आत येतं. पावसाळ्यात दमट फरशीवर चाकं घसरतात तेव्हाही पोरं एज सोडून देतात, त्या दिवशीचा व्हिडिओ धरू नका.

हे सगळं ठीक असेल तर चूक अंगात आहे. फिगर्ससाठी रंगवलेली पाच-सहा मीटर व्यासाची वर्तुळं असतील तर उत्तम, नाहीतर दोरी आणि खडूने काढा. डाव्या पायाने मागची आउटसाइड एज वर्तुळावर धरायची, डावा हात पुढे, उजवा मागे, मनात तीन आकडे मोजायचे. मग टो-स्टॉप टेकवायचा आणि उडायचं नाही. टेकल्यावरही बूट बाहेरच कललेला हवा. रोज पंधरा वेळा. हे जमलं की अर्ध्या गिरकीचा लट्झ, मग एक. डबल तोवर पूर्ण बंद. ‘सरावाला बंद, स्पर्धेला चालू’ असं केलं तर आधीची मेहनत पाण्यात, कारण घाबरलेलं शरीर जुनंच करतं.

यात एक हंगाम जातो. कार्यक्रमात लट्झच्या जागी फ्लिप जाईल, नंबर घसरेल. म्हणून दुरुस्तीसाठी वयोगट बदलल्यानंतरचं पहिलं वर्ष निवडा. त्या वर्षी मोठ्या मुलींसमोर पदक तसंही अवघडच असतं.