फसवल्या गेलेल्याने जीव घेतला, तर?

जोडीदाराने विश्वासघात केला आणि त्या संतापात खून झाला, तर तो कधी समर्थनीय ठरतो का? तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: नाही. कायदा फार तर शिक्षा कमी करतो, तीही क्वचित.

त्यासाठीची तरतूद ‘गंभीर आणि अचानक प्रक्षोभ’ ही. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) कलम ३०० चा पहिला अपवाद, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ चा. दोन्ही शब्द एकदम लागू व्हावे लागतात. प्रक्षोभ कितीही गंभीर असो, घाव भानावर यायच्या आत बसलेला नसेल तर अपवाद मिळत नाही.

गाजलेल्या नानावटी खटल्यातला बचाव इथेच कोसळला. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातल्या कमांडर कावस नानावटींना पत्नीने प्रेम आहुजाशी असलेले संबंध सांगितले. त्यांनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, बोटीवर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आहुजांचं ऑफिस गाठलं, ते तिथे नाहीत म्हणून घरी गेले. दीडला घर सोडलं होतं, आहुजांचा खून झाला चार वाजून वीस मिनिटांनी. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटलं, मन ताळ्यावर यायला एवढा वेळ पुरेसा होता. शिवाय मधल्या वेळात मुलाबाळांची सोय करणारा माणूस भान हरपलेला नव्हता. झटापटीत गोळी सुटली हा बचावही टिकला नाही: आंघोळीहून आलेल्या आहुजांचा टॉवेल मृतदेहावर जागच्या जागी होता.

त्याआधी ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, मात्र नानावटींना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं होतं; ते टिकलं नाही. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक आणि बाहेरची गर्दी नानावटींच्या बाजूने होती. मला यातली हीच गोष्ट सर्वात जास्त खुपते. प्रेमभंग झालेल्याचं दुःख सगळ्यांना दिसतं. मेलेल्याला आपली बाजू मांडता येत नाही. १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली. माफीने शिक्षा संपली, खुनाचा निष्कर्ष बदलला नाही.

अपवाद लागू झाला तरी सुटका नसते. न्याय संहितेच्या कलम १०५ खाली, मारण्याचाच हेतू असेल तर, जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं. आणि हत्यार आणायला गेलात, वाट बघत थांबलात, पत्ता शोधलात, की हा बचाव जवळपास गेलाच.

व्यभिचार २०१८ पासून गुन्हा नाही, पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली घटस्फोटाला तो आजही पुरेसा आधार आहे. अर्ज कौटुंबिक न्यायालयात करायचा. मुलांचा ताबा आणि पोटगीही तिथेच मागता येते.