तुम्ही विचारलंत म्हणून: चलनावर अजून माणसाची नजर कशाला?

‘मोबाइलने फोटो काढला की बिल वाचता येतं. मग तुमच्या सिस्टीममध्ये चलन तपासायला अजून माणूस कशाला बसवता?’ बांधकामाच्या कागदपत्रांचं ऑटोमेशन करते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेला. कंत्राटदार विचारतात, त्यांची नुकतीच इंजिनिअर होऊन आलेली मुलं विचारतात, सॉफ्टवेअर विकणारे तर मुद्दाम सगळ्यांसमोर विचारतात. एका वाक्यात उत्तर दिलं की ती पळवाट वाटते. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. चलन म्हणजे मालाच्या गाडीसोबत येणारा, काय आणि किती पाठवलंय ते सांगणारा कागद.

आधी एक मान्य करते. वाचण्याचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या पुरवठादाराला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, बंधनकारक आहे. त्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दोन्हीकडचे जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, एकूण रक्कम, किती ओळींचं बिल आहे ते, मुख्य मालाचा एचएसएन (वर्गीकरणाचा कोड) आणि ६४ अक्षरी आयआरएन (त्या बिलाचा नोंदणी क्रमांक) असतो. क्यूआरवर डिजिटल सही असते, त्यामुळे ती पडताळली की बिल खरं की खोटं हे तिथेच कळतं. छापील मजकूर वाचायच्या आधी क्यूआर वाचा, हे मी प्रत्येक ऑफिसात पहिल्या दिवशी सांगते. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. जुन्या पद्धतीच्या बिलावर जीएसटी क्रमांकाचं पंधरावं अक्षर तपासणीचं असतं. त्यामुळे ओ आणि शून्य, आय आणि एक यांची सरमिसळ झाली तर ती पकडता येते.

पण त्या क्यूआरमध्ये प्रत्येक मालाचं वजन किंवा नग नसतात. बिल खरं आहे एवढंच तो सांगतो. गाडीतून काय उतरलं, ते त्याला माहीत नसतं.

काही कागदांवर यंत्र माणसापेक्षा चोख काम करतं, हेही नोंदवते. १२० घनमीटर काँक्रीटचा स्लॅब घ्या. ६ घनमीटरचा मिक्सर धरला तर २० गाड्या, म्हणजे २० चिठ्ठ्या. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ५० घनमीटरपर्यंत ४ नमुने आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक, म्हणजे इथे ६ नमुने. प्रत्येकी तीन क्यूब (ताकद तपासायला ओतलेले काँक्रीटचे ठोकळे), म्हणून २८ दिवसांचे १८ निकाल आलेच पाहिजेत. तयार काँक्रीटच्या आयएस ४९२६ प्रमाणे माल भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. २० चिठ्ठ्यांवरच्या भरल्याच्या आणि रिकामी झाल्याच्या वेळा आणि २८ दिवसांनी यायचे १८ आकडे हे सगळं एकत्र ठेवून ‘चौदावी गाडी अडीच तासांनी रिकामी झाली, आणि पाचव्या नमुन्याचा रिपोर्ट आलाच नाही’ असं सांगणं माणसाला रोज जमत नाही. यंत्राला जमतं. आरए बिलाचं, म्हणजे कंत्राटदाराच्या टप्प्याटप्प्याने येणाऱ्या बिलाचंही तसंच. मागच्या बिलातलं ‘आजवर एकूण’ हेच या बिलात ‘मागील बिलापर्यंत’ म्हणून आलंय का, एवढी एकच तपासणी लावली तरी दोनदा लावलेलं प्लास्टर बाहेर पडतं. हे कुणी माझ्या तोंडून काढून घ्यायची गरज नाही, मी स्वतःहून सांगते.

घोडं अडतं ते साइटवरच्या चलनावर. मुंबईत अवजड गाड्यांना दिवसा बंदीच्या वेळा असतात, त्यामुळे कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेली गाडी बरेचदा रात्री उशिरा गेटवर येते. टॉर्चच्या उजेडात माल उतरतो, पावसाळ्यात ताडपत्रीखाली. चलन गाडीच्या बोनेटवर ठेवून सही होते. सही करणारा कधी स्टोअरकीपर, कधी वॉचमन. लिहिणाऱ्याची भाषा मराठी, हिंदी, कधी दोन्ही. आकडे मात्र हमखास मिसळलेले. मराठी एक आणि इंग्रजी नऊ हाताने लिहिले की एकमेकांचे जुळे भाऊ. मराठी चार आणि इंग्रजी आठ तसेच. एकाच ओळीत दोन्ही लिप्यांचे आकडे लिहिणारी माणसं मी रोज पाहते आणि त्यात त्यांची काही चूक नाही. खडी आणि क्रश सँड ब्रासमध्ये येते, बिल कधी टनात लागतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. त्याचे टन किती, ते माल किती ओला आहे आणि किती दाबून भरलाय यावर ठरतं. हे चलनावर छापलेलं नसतं.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी तिथे माणूस बसवते.

पश्चिम उपनगरातली पुनर्विकासाची इमारत. जीआरएन (माल आवक झाल्याची नोंद) आपोआप काढायचा नियम मी लिहिला होता: ऑर्डर, चलन आणि बिल या तिन्ही कागदांवरचा आकडा जुळला आणि वाचनाचा विश्वासांक (सॉफ्टवेअरने स्वतःच्या वाचनाला दिलेले शंभरपैकी गुण) ९५च्या वर असला की माल आवक झाला असं समजायचं, माणसाने बघायची गरज नाही. कागदावर हा नियम उत्तम दिसतो. मला तो तेव्हा फार आवडला होता.

नवव्या मजल्याच्या स्लॅबनंतर लोखंडाचा ताळमेळ घेतला. सिस्टीमप्रमाणे आवक २१२ टन, यार्डात शिल्लक १४, म्हणजे वापर १९८. बीबीएसप्रमाणे, म्हणजे सळ्या कापण्या-वाकवण्याच्या यादीप्रमाणे (मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरचं वजन किलोत, या हिशेबाने), लागायला हवं होतं १८९. ९ टनांचा फरक, जवळजवळ ४.८ टक्के. तिथे वेस्टेजची मर्यादा ३ टक्के ठरलेली. पहिला संशय रोलिंग मार्जिनवर, म्हणजे कारखान्यात सळईच्या वजनात पडणाऱ्या फरकावर गेला. सळ्यांच्या आयएस १७८६ या मानकात १६ मिमी सळईच्या वजनाला ५ टक्के कमी-जास्तची सूट आहे. यार्डातल्या शिल्लक सळ्यांचे मीटरभराचे तुकडे कापून तोलले, तर मीटरला १.५८ किलोऐवजी १.५६ भरलं. सव्वा टक्क्याचा फरक, तोही उलट दिशेचा. सळई हलकी असेल तर तेवढ्याच मीटरला टन कमी लागतात, जास्त नाहीत. दुसरा संशय भंगारावर. त्याच्या पावत्या चोख निघाल्या. मग उरला स्टोअरकीपर.

तो एकच वाक्य म्हणत राहिला, ‘मी चलनावर लिहून दिलंय.’ स्कॅन उघडून पाहिले. काही दिसेना. आठवड्याभरात त्याला स्टोअरवरून काढलं.

दोन महिन्यांनी पुरवठादाराचं खातं जुळवायला अकाउंट्सने मूळ चलनं बाहेर काढली. पहिल्याच चलनावर छापील वजन १८,४६० किलो. खाली उजव्या कोपऱ्यात जांभळा शिक्का आणि शिक्क्यावरूनच तिरपं, निळ्या बॉलपेनने: ‘काटा १७९८० – १६ एमएम २५ नग कम’. हिशेब करून पाहिला. १२ मीटरची १६ मिमी सळई १८.९६ किलो, २५ नगांचे ४७४ किलो. काट्यावरचा फरक ४८०. माणसाने रात्री नग मोजले होते, वजन घेतलं होतं आणि दोन्ही एकमेकांशी पडताळले होते. अशी ११ चलनं निघाली, मिळून ३.९ टन. तेवढं वजा केलं की वेस्टेज २.७ टक्क्यांवर येतं.

स्कॅनमध्ये ते का दिसलं नाही? फाइलचा आकार कमी राहावा म्हणून स्कॅनर काळ्या-पांढऱ्यावर आणि २०० डीपीआयवर लावलेला होता. निळं पेन आणि जांभळा शिक्का दोन्ही काळे होऊन एकमेकांत मिसळले. सॉफ्टवेअरने त्या ठिपक्याला ‘शिक्का’ ठरवलं आणि सोडून दिलं. छापील १८,४६० मात्र त्याने अगदी बरोबर वाचलं होतं.

सात चलनांना काट्याची पावती टाचलेली होती, तेवढ्यांची क्रेडिट नोट पुरवठादाराने दिली. उरलेल्या चारांना ‘आता फार उशीर झाला’ म्हणाले. स्टोअरकीपरला परत बोलावणं धाडलं. तोवर तो पनवेलकडे दुसऱ्या साइटवर लागला होता. आला नाही.

स्कॅनरची सेटिंग माझी नव्हती, हे मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. खरंही आहे ते. पण रंगीत स्कॅन केलं असतं तरी नियम तोच राहिला असता आणि नियम माझा होता. तिन्ही कागद जुळतात असं मी म्हणत होते, तेव्हा प्रत्यक्षात काय जुळत होतं? बिल आणि चलन पुरवठादाराच्या एकाच सॉफ्टवेअरमधून, एकाच आकड्यावरून छापलेले. ऑर्डर म्हणजे आपण मागितलेला आकडा. माल खरोखर किती आला हे सांगणारी तिघांत एकच गोष्ट होती, ती म्हणजे कोपऱ्यातलं निळं पेन, आणि तीच आम्ही वगळली होती. जीआरएन ही आवकेची स्वतंत्र साक्ष असायला हवी. मी ती चलनाच्या छापील आकड्यावरूनच तयार करत होते. अठ्ठ्याण्णव टक्के विश्वासांक हा अक्षर ओळखल्याचा असतो. त्यावरून माल आल्याचा निष्कर्ष मी काढला होता.

तेव्हाची मी याला उत्तर देईन: हाताने एंट्री करणाऱ्यांकडूनही अशी चलनं सुटायचीच. सुटायची, हे मीही नाकारत नाही. त्याच ऑफिसात पूर्वी एकच चलन ‘४१७’ आणि ‘४१७/ए’ असं दोनदा लागलेलं आम्हीच यंत्राने पकडलं. पण एंट्री करणाऱ्या बाईंसमोर कागद असायचा आणि कोपऱ्यात काही तिरपं लिहिलेलं दिसलं की त्या कागद फिरवून वाचायच्या. आम्ही कागद फिरवायचं कामच काढून टाकलं. त्यांच्या हातून अकराच्या अकरा सुटली असती का? हे मी कुणालाही ठामपणे सांगू शकत नाही आणि म्हणूनच हा वाद माझ्यापुरता मिटत नाही.

आता काय करतो ते सांगते, कारण विचारणाऱ्यांना खरं तर हेच हवं असतं. स्कॅन रंगीत आणि ३०० डीपीआय, यात तडजोड नाही. छपाई काळी, शिक्का जांभळा, पेन निळं, असे तीन रंग वेगळे काढून तीन चित्रं करायची. निळ्या चित्रात सहीच्या चौकटीबाहेर काहीही सापडलं, अगदी एक रेघ, तर ते चलन माणसाकडे जातं. वाचता आलं नाही तरी चालेल, तिथे काहीतरी लिहिलंय एवढं कळलं तरी पुरे. शिक्का नवा करून घेतला. ‘माल मिळाला’ एवढंच न लिहिता त्यात गाडी क्रमांक, वेळ, काटा वजन, कमी/जास्त आणि सही अशा पाच रिकाम्या जागा ठेवल्या. तो छापील मजकुरावर मारायचा नाही, डाव्या खालच्या कोऱ्या जागेत मारायचा. कमी/जास्तची जागा रिकामी असेल तर जीआरएन निघत नाही. कमी नसेल तर ‘नाही’ असं लिहावं लागतं. लोखंडाची आवक फक्त काट्याच्या पावतीवरून, भरलेलं वजा रिकामं. चलनाचा आकडा तिथे तुलनेपुरता. काट्याची पावती थर्मल कागदावर असेल तर तिचा फोटो गेटवरच, त्याच रात्री. कपाटात उन्हाळा काढला की ती कोरी होते.

यातही भोकं आहेत. कार्बन कॉपी आली की छपाईच निळी, मग रंग वेगळे करून उपयोग नाही. असली चलनं सगळीच्या सगळी माणसाकडे जातात. पावसात भिजलेल्या चलनावर जांभळी शाई पसरते आणि पाचही जागा एक होतात. काही साइटवर महिन्याभरात ‘नाही’ हा शब्द आधीच लिहून बाकीच्या जागा कोऱ्या ठेवलेले शिक्के सापडले. तिथे कुठल्याही स्कॅनरने काही होणार नाही, तिथे साइटवर जाऊनच बोलावं लागतं.

आता विचारणारे पुढचं विचारतात, मग कागदच नको, पुरवठादाराच्या ॲपवरच माल स्वीकारा. एका साइटवर ते सुरू आहे. स्वीकारताना दोन बटणं येतात, ‘स्वीकारला’ आणि ‘नाकारला’. २५ नग कमी असतील तर नाकारता येत नाही, कारण अख्खी गाडी परत पाठवायची नसते आणि सकाळी सळई बांधायला माणसं येणार असतात. म्हणून ‘स्वीकारला’ दाबलं जातं. कमी किती ते स्टोअरकीपर आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवतो, काट्याच्या पावतीच्या फोटोवर बोटाने लिहून. ते फोटो दाबले जाऊन येतात, कधी वाचता येतात, कधी नाही. त्या ॲपमध्ये तिसरं बटण आणि एक आकडा टाकायची जागा हवी, हे मी पुरवठादाराला दोनदा लिहून कळवलंय. तोवर ते फोटो रोज सकाळी एक माणूस उघडून बघतो.