४० गॅलन पाणी आणि वाळवंटातला हिवाळा

लातूरहून लेकीकडं अमेरिकेला जाणारी आमच्या वयाची बहुतेक मंडळी एप्रिल-मेमध्ये जातात, इथल्या उन्हातून सुटका म्हणून. आमची लेक राहते फिनिक्सला, ॲरिझोनात, आणि तिथं जून-जुलैत ४५ अंश म्हणजे रोजचंच, त्यामुळं आम्ही उलटं केलं, २०२४ ची दिवाळी इथं केली, सोयाबीन बाजारात घालून मोकळे झालोत आणि नोव्हेंबरात निघालोत ते मार्च संपताना परत आलोत. जावयांचं काम लॅपटॉपवर, कुठूनही चालतं, गाडीच्या टपावर स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट, लावलं की झालं. लेकीनं नोकरीला ब्रेक दिलेला, नातीची शाळा अजून सुरू व्हायची, आणि दारात जुनी घेतलेली आरव्ही उभी. आरव्ही म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर, पुढं ड्रायव्हरची केबिन, मागं ओटा, गॅस, फ्रीज, संडास-बाथरूम, रात्री जेवायच्या टेबलाचाच पलंग होतो. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाचा वाळवंटी भाग असा अख्खा हिवाळा आम्ही पाच जणांनी त्यात संसार केला.

परत आल्यापासून जो भेटेल तो ग्रँड कॅनियनचं विचारतोय. बघितली, सुंदर आहे, पण तिचा दक्षिण काठच २१०० मीटर उंचीवर, त्यामुळं डिसेंबरात तिथं थंडी मरणाची आणि वारा तर विचारू नका. मला खरं तर लिहायचंय ते पाण्याबद्दल, कारण त्या गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत दुसरा विषय डोक्यात नव्हता.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात, एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक संडासाची. आमची चांगल्या पाण्याची ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटर, आणि खाणारी-पिणारी-आंघोळ करणारी माणसं पाच. आरव्ही पार्कात गाडी लावली तर नळ, वीज, ड्रेनेज सगळं जोडून मिळतं, पण जावयांना तिथं राहायचंच नव्हतं. त्यांना उघड्या वाळवंटात, सरकारी जमिनीवर थांबायचं होतं, याला तिकडं बूनडॉकिंग म्हणतात, आणि तिथं टाकीत असेल तेवढंच पाणी. दाराजवळ भिंतीवर एक छोटा पॅनल आहे, बटण दाबलं की दिवे लागतात, पूर्ण, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, रिकामी. लेकीला वाटलेलं आईबाबांना हे जमायचं नाही. मी म्हणलं, बाळा, २०१६ ला तू होस्टेलला होतीस, आम्ही इथं होतोत.

२०१६ चं लातूर ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या वर्षी हाताला जी सवय लागली ती सुटलेलीच नाही. आरव्हीत पहिल्याच दिवशी मी ओट्याखाली एक पातेलं ठेवलं, गरम पाणी येईपर्यंत नळातून जे गार पाणी वाया जातं ते त्यात धरायचं, त्यात डाळ-तांदूळ धुवायचे, ते धुतलेलं पाणी परत संडासात टाकायला ठेवायचं. ताटं आधी कागदानं पुसायची, मग ओल्या फडक्यानं, आणि शेवटी तांब्याभर पाण्यात सगळ्यांची मिळून विसळायची. आंघोळीला शॉवर असतो पण अंग भिजलं की बंद, साबण लावून झाला की चालू, एवढंच. भाकरीला मात्र मी पाण्याची कंजुषी केली नाही, पीठ नीट मळलं नाही तर भाकरी चिरते. महिनाभरात असं झालं की पॅनलचं बटण दाबायच्या आधी मी सांगायचे आता एक तृतीयांश उरलंय, आणि पंपाच्या आवाजावरून ह्यांनाही कळायला लागलेलं.

मी भूगोल शिकवण्यात नोकरी काढली, त्यामुळं फिनिक्सला पाणी येतं कुठून हे मला पहिल्यापासून बघायचं होतं. कोलोरॅडो नदीवरच्या लेक हवासूमधून पाणी उचलतात आणि कालव्यानं फिनिक्स आणि पुढं टूसॉनपर्यंत नेतात, ३३६ मैल, म्हणजे ५४० किलोमीटर, लातूर-मुंबईपेक्षाही लांब, आणि सगळा चढ, पंप लावून पाणी वर ढकलत न्यावं लागतं. १९७३ ला काम सुरू केलं ते १९९३ ला संपलं. नदीचंच पाणी कमी झालंय, २०२१ च्या ऑगस्टात सरकारनं पहिल्यांदा अधिकृतपणे टंचाई जाहीर केली आणि सगळ्यात आधी पाणी तुटलं ते ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांचं. आणि तरी रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूला हिरवागार अल्फाल्फा, जनावरांचा चारा, पाटानं पाणी दिलेला! हे नुसते बघत राहिले. आपल्याकडं ऊस, तिकडं अल्फाल्फा. शेतकऱ्याला जे पीक पैसा देतं ते तो लावणार, त्याला काय बोलायचं, पण धरणं आटायलेत आणि पिकं बदलायला कुणी तयार नाही हे दोन्हीकडं सारखंच दिसलं आणि मला त्याचा त्रास झाला.

आता तिसऱ्या टाकीबद्दल. हे लिहावं का नाही असं वाटत होतं पण लिहितेच. संडासाची टाकी भरली की डंप स्टेशनला जायचं, जाड पाइप गाडीखाली जोडायचा, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे तो पाइप धुऊन निघतो. पहिल्यांदा जावई हातमोजे घालून खाली उतरले आणि माझा जीव खालीवर झाला, सासूसासऱ्यांसमोर जावयानं हे करायचं! मी म्हणलं, अहो राहू द्या, कुणाला तरी बोलवू. ते म्हणले, आई, इथं कुणी येत नसतं, ज्याचं त्यानं करायचं असतं. शेजारच्या लायनीत सत्तरी ओलांडलेला एक गोरा माणूस तेच करत होता, बायको पाइप धरून उभी. दुसऱ्या खेपेपासून ह्यांनी हातमोजे घेतले ते शेवटपर्यंत सोडले नाहीत. आपल्याकडं सेप्टिक टँक भरला की फोन करायचा आणि नाकाला पदर लावून आत जायचं, तो माणूस कोण, त्याच्या हातात काही होतं का, कधी विचारलं नाही आपण. हाताने मैला उचलण्यावर बंदीचा कायदा २०१३ चा आहे आणि तरी माणसं टाकीत उतरतात, मरतात. त्या डंप स्टेशनवर मला हे फार लागलं.

सगळ्यात जास्त मुक्काम क्वार्टझसाइटला. कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ हायवेला लागून हे गाव आहे, कायमची वस्ती अडीच हजारांच्या आतली, पण हिवाळ्यात भोवतीच्या माळावर नजर जाईल तिकडं आरव्ह्याच. कॅनडा, मिनेसोटा, डकोटा असल्या बर्फाच्या मुलखातली रिटायर्ड माणसं इथं येऊन राहतात, त्यांना स्नोबर्ड म्हणतात. जमीन सरकारची, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, तिथं ला पोसा नावाच्या पट्ट्यात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्ख्या सीझनचा परवाना आम्ही गेलोत तेव्हा १८० डॉलर होता, १४ दिवसांचा ४०. पाणी भरायची आणि टाकी सोडायची सोय त्यातच. दिवसा स्वेटर काढावा लागतो आणि रात्री गारठा असा की हीटर लावल्याशिवाय झोप नाही, हीटर चालतो गॅसवर पण त्याचा पंखा बॅटरी खातो, त्यामुळं संध्याकाळीच हिशोब करायचा, टीव्ही का हीटर. मिक्सर तर मी बंदच केला, शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात.

आणि तिथंच आमची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, झाली, ३० डिसेंबरला. लातूर-धाराशिवच्या माणसाला येळवशीला शेतात नसणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना नाही कळायचं, त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळं रानात. लेकीचं अमेरिकेत गेल्यापासून ते राहिलेलंच. फिनिक्सच्या इंडियन स्टोअरातून आधीच फ्रोजन तुरीचे दाणे आणून ठेवलेले, गुजराती लोकांमुळं मिळतात, लिलवा म्हणतात ते, हरभरा भिजवला, वाटाणा, गाजर, कांद्याची पात, पालक, मेथी घालून चिंच-बेसनाची भज्जी केली, बाजरीचे उंडे केले, ज्वारीच्या पिठाची आंबील ताकात करून लसूण घातला. पाच दगड पांडव म्हणून पुजायचे ते कडब्याच्या खोपीत, ती खोप कुठून आणणार, आणि तिथली झाडं-काड्या तोडायच्या नसतात, मग दोन खुर्च्यांवर माझी इरकल टाकली, तीच खोप. पाच पांडवांना दगड मात्र पाहिजे तेवढे, गावाच्या नावातच क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, नातीनं पांढरेशुभ्र पाच दगड वेचून आणले, मी त्यांना हळद-कुंकू लावलं. हे आंबिलीचा तांब्या घेऊन गाडीभोवती शिंपडत फिरले. लेक काही बोलली नाही, पदर मात्र डोक्यावर घेतला, जीन्सवर ओढणी घेतलेली तिचाच पदर केला.

शेजारी नॉर्थ डकोटाचं शेतकरी जोडपं होतं, त्यांना जेवायला बोलावलं. उंडे त्यांनी लोणी लावून खाल्ले, आंबील काही त्यांना उतरली नाही. पण त्यांचंही पीक सोयाबीन निघालं आणि मग काय, जावई दुभाषी आणि ह्यांच्या दोन तास गप्पा. शिकागोच्या वायदे बाजारातला भाव तेव्हा बुशेलला १० डॉलरच्या आसपास होता, बुशेल म्हणजे २७ किलो, ह्यांनी लगेच कागदावर मांडलं, क्विंटलला साधारण ३१०० रुपये. आपला हमीभाव त्या वर्षी ४८९२, बाजारात तेवढा मिळत नव्हता ही गोष्ट वेगळी. म्हणजे त्यांना आपल्यापेक्षाही कमी! त्यांची जमीन हजारात मोजायची, मशिनं मोठमोठी, पण भावाचं बोलताना चेहरा आमच्या गल्लीतल्या कुठल्याही शेतकऱ्याचा असतो तसाच.

त्याच गावात एक दगडी पिरॅमिड आहे, वर धातूचा उंट. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्यानं वाळवंटासाठी उंट मागवले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा सीरियाचा माणूस आला, लोकांना नाव उच्चारता येईना म्हणून त्याचं हाय जॉली झालं, १९०२ ला तो इथंच वारला. लांबून येऊन या मातीत राहिलेला माणूस, मी तिथं हात जोडले.

बाकीचं पटपट सांगते. व्हाइट सँड्स, न्यू मेक्सिको, वाळू पांढरी कारण ती जिप्समची आहे, उन्हातही पायाला चटका बसत नाही, नात दिवसभर घसरगुंडी खेळली. डेथ व्हॅलीचा तळ समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली, फेब्रुवारीतच जावं, उन्हाळ्यात नावच घेऊ नका. विन्स्लोजवळचं उल्का-विवर बघितलं, ५०,००० वर्षांपूर्वीचं, सव्वा किलोमीटर रुंद आणि कोरडं. आपलं लोणार पावणेदोन किलोमीटरच्या वर, बेसाल्टमधलं, पाणी असलेलं, शाळेची सहल नेली की मी पोरांना काठावर उभं करून सगळं सांगायचे. तिकडं प्रत्येक खडकापाशी माहितीचा फलक, दुर्बिणी लावलेल्या, लोणारला हे का होऊ नये?

टूसॉनला सग्वारो बघायला मात्र वेळ ठेवा. हा निवडुंग दीडदोनशे वर्षं जगतो, फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. अंगावर उभ्या चुण्या असतात, पाऊस झाला की पाणी पिऊन त्या उलगडतात, उन्हाळ्यात परत आकसतात. पाऊस झाल्यावर तिथल्या क्रिओसोटच्या झुडपांचा वास सुटतो, डांबरासारखा उग्र, पण आम्हाला दोघांना फार आवडला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी, टुरिस्ट व्हिसावर सहसा सहा महिने राहू देतात, नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात चांगलं, एप्रिलात ऊन चढायला लागतं. आरव्हीला लिटरमागं साडेतीन-चार किलोमीटरच मिळतात, म्हणून एका जागी जास्त थांबा, फिरणं कमी. खलबत्ता, काळा मसाला आणि येसर इथून न्या, ज्वारी-बाजरीचं पीठ नेऊ नका, फिनिक्सला दोन्ही मिळतं.